हलक्या पायाची सरळ रेघ

अंडेकाकांच्या गाडीत बसलेल्या माणसाला झोप लागायची. हा सगळा त्यांच्या उजव्या पायाचा गुण. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी अंड्यांची गाडी चालवली. कोंबड्यांच्या शेडवरून ट्रे उचलायचे आणि दुकानादुकानांत पोचवायचे. या धंद्यात एक न्याय फार सरळ आहे. ड्रायव्हर कसा आहे हे कुणाला विचारावं लागत नाही, गाडीचं मागचं दार उघडलं की कळतं. इतरांची गाडी आली की दुकानदार हातात फडकं घेऊन बाहेर यायचे. अंडेकाकांची आली की रिकाम्या हातांनी.

नाव मात्र त्यामुळे कायमचं पुसलं गेलं. पोस्टमनसुद्धा पाकीट हातात धरून "अंडेकाका आहेत का?" असंच विचारायचा. काकांना त्याचं वाईट वाटत नसे. वाईट वाटायचं ते बायकोला, आणि तेही नावाचं नव्हे. ती म्हणायची, "रस्त्यावरची सगळी नरमाई गाडीतच ठेवून घरी येतात हे." खरंच होतं ते. काकांचा पाय जेवढा हलका, तेवढी जीभ जड. वाटीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घ्यायचे. मात्र माणूस शब्दाचा पक्का. एकदा हो म्हटलं की जग इकडचं तिकडे झालं तरी होच.

बायकोचा धाकटा भाऊ त्यांच्याकडेच वाढला. आईबाप लवकर गेले, तेव्हा बहीण त्याला बोटाला धरून घेऊन आली, आणि काकांनी "एक ट्रे जास्त" एवढंच म्हटलं. मुलगा अभ्यासात तल्लख. सकाळी अंड्यांच्या गाडीतूनच शाळेत जायचा, पुढच्या सीटवर मांडीवर वही घेऊन गणितं सोडवायचा. त्याची अक्षरं कधी हलली नाहीत. एकदा मास्तरांनी विचारलं, घरी टेबल कोणतं आहे रे तुझ्याकडे? तो म्हणाला, गाडी आहे. तेव्हापासून काका त्याला 'शास्त्रज्ञ' म्हणू लागले. थट्टेत ठेवलेलं नाव पोरानं खरं करून दाखवलं. तो विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्यांवर संशोधन करू लागला. बॅटरी पुन्हा पुन्हा भरली, पुन्हा पुन्हा उपसली, की ती किती थकते आणि किती दिवसांत थकते, हा त्याचा विषय.

अंड्यांचं काम मोठ्या ट्रकवाल्यांनी गिळलं आणि काका घरी बसले. घरी बसलेला ड्रायव्हर म्हणजे बायकोच्या डोक्याला ताप. फोडणी कशी द्यावी इथपासून दार कसं लावावं इथपर्यंत सगळ्यात नाक खुपसायचे. अशात एका संध्याकाळी शास्त्रज्ञ आला आणि म्हणाला, "दाजी, आमच्याकडे या. गाडी चालवायची. फक्त पोचायचं कुठेच नाही."

काम तसंच होतं. कारखान्याच्या मागे एक गोल रस्ता बांधला होता. थोडा सपाट, थोडा खडबडीत, एका टोकाला छोटा चढ. सकाळी गाडीची बॅटरी पूर्ण भरायची, मग ठरलेल्या वेगमर्यादेत त्या रस्त्यावर फिरत राहायचं. बॅटरी ठरलेल्या खुणेपर्यंत उतरली की थांबायचं आणि गाडी किती अंतर गेली ते नोंदवायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आतल्या खोलीत यंत्रांवर बॅटऱ्यांची वेगळी तपासणी चालायचीच. पण मालकांना खरा रस्ता, खरा माणूस आणि खरी गाडी यांचा आकडा हवा होता. वर्षभर वापरल्यावर गाडी किती कमी जाते, हा प्रश्न. शास्त्रज्ञानं एकच सूचना दिली, "रोजच्यासारखं चालवा."

काकांच्या रोजच्यासारखं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं जगात कुणाला माहीत नव्हतं.

काका बूट काढून चालवायचे. पॅडल अंगठ्याखाली कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पुढचं वळण दिसलं की पाय आधीच उचललेला. ब्रेकला ते शिवीसारखे वापरायचे, म्हणजे अगदीच गळ्याशी आलं तर. काचा बंद, पंखा बंद, घाम गळतोय आणि तोंडानं गाडीशी बोलणं चालू. पहिले काही महिने गाडी तरतरीत होती. नंतर चढावर ती किंचित जड झाली. हे काकांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही मनाशी नोंदवलं नाही. दमलेल्या माणसाबरोबर चालताना आपली चाल आपोआप मंदावते, तसा त्यांचा पाय मंदावला. गाडी जसजशी थकली तसतसा पाय हलका होत गेला. ज्या गाडीत अंडी आहेत तिला दमात घ्यायचं नसतं, ही शिकवण अंगात इतकी मुरलेली की गाडीत अंडी नाहीत हे पायाला कधी समजलंच नाही.

सुरुवातीला याच कामावर आणखी एक ड्रायव्हर होता. अंगानं दांडगा म्हणून त्याला पैलवान म्हणत. तो चारचौघांसारखा चालवायचा. घाईत दाबायचा, समोर काही आलं की ब्रेक मारायचा, गाणी म्हणायचा. त्याची गाडी महिन्यागणिक कमी जाऊ लागली. एके दिवशी त्याला ब्रेकच्या विभागात पाठवलं. काकांनी त्याला चिडवलं, "तुझा पाय दगडाचा, तिकडेच शोभतो." पैलवान हसला. काकांना वाटलं, आपण जिंकलो.

वर्ष संपलं तेव्हा कारखान्याच्या व्हरांड्यात एक मोठा तक्ता लागला. महिन्यामागून महिने, गाडी गेलेलं अंतर, आणि त्यावरून गेलेली एक रेघ. रेघ जवळजवळ सरळ. म्हणजे वर्षभर राबवूनही बॅटरी थकली नव्हती. बाहेरून माणसं आली, तक्त्यापुढे उभी राहिली, टाळ्या वाजल्या. शास्त्रज्ञाला मोठी खोली मिळाली. त्यानं काकांना सगळ्यांपुढे ओढून आणलं आणि म्हणाला, "ही रेघ दाजींच्या पायानं काढली आहे." काका घरी आले ते फुगून. बायको त्या दिवशी मीठ विसरली, तरी ते काही बोलले नाहीत.

आता लेकीचं सांगायला हवं. काकांची एकुलती एक मुलगी नर्स. ती दवाखान्यात बसत नसे, घरोघरी जायची. अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, जखमांची पट्टी, इंजेक्शनं, लघवीच्या नळ्या. दिवसभर रस्त्यावर. तिची जुनी गाडी धूर ओकायची, म्हणून तिला विजेवरची घ्यायची होती. व्हरांड्यातल्या रेघेची जी गाडी, तीच बाजारात आली होती. मनात धाकधूक होती. शेवटचा रोजचा पेशंट टेकडीवर, तिथपर्यंत आणि परत, एवढं अंतर गाडीनं काढायला हवं. आज नाही, दोन वर्षांनीही.

तिनं मामाला विचारलं. घरीच, जेवणं झाल्यावर. "मामा, घेऊ का ही? खरंच टिकते का बॅटरी?"

शास्त्रज्ञ हात पुसत होता. म्हणाला, "मला काय विचारतेस? बाबांना विचार. रोज तेच चालवतात."

लेक बापाकडे वळली. काकांनी छाती पुढे काढून सांगितलं, "माझ्या पायाखालून गेली आहे. डोळे मिटून घे. माझा शब्द आहे."

तिनं डोळे मिटून घेतली.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. मग गाडी कुरकुरू लागली. आधी थोडं, मग बरंच. दुपारच्या फेरीतच बॅटरीच्या काट्याकडे बघत बसायची वेळ आली. लेकीनं बापाला सांगितलं, तेव्हा जड जीभ सुटली. "तूच हाणत असशील. आईवर गेली आहेस, दोघींना घाई फार. मी तीच गाडी चालवली, जशी पहिल्या दिवशी तशी शेवटच्या दिवशी." लेक म्हणाली, "बाबा, मला पेशंट असतात." काका म्हणाले, "मलाही अंडी होती." पुढच्या रविवारी ती म्हणाली, मला शिकवा तुमच्यासारखं. काकांनी मोठ्या ऐटीत शिकवलं. बूट काढ, अंगठ्यानं चाचपून बघ, पंखा बंद कर, दूरवर बघ.

तरीही एका दुपारी गाडी टेकडीच्या अर्ध्या वाटेवर बसली. लेक पिशवी खांद्याला लावून उन्हात चढण चढून गेली. वर एक आजी राहायच्या. त्यांना जेवणाआधी मधुमेहाचं इंजेक्शन लागायचं आणि ते दिल्याशिवाय जेवायचं नाही असं लेकीनंच बजावलेलं. ती पोचली तेव्हा आजी झाकलेल्या ताटापुढे बसल्या होत्या. भुकेनं हात थरथरत होते. म्हणाल्या, "तू सांगितलं होतंस ना, म्हणून थांबले." आजींना काही झालं नाही. पण हे सांगताना लेक बापासमोर ढसाढसा रडली, आणि लहानपणापासून ती अशी रडलेली काकांनी पाहिली नव्हती.

त्या रात्री ते स्वतःशीच भांडत राहिले. गाडी वाईट निघाली असेल. एखादी निघते. पण शब्द दिला होता, तो त्यांना टोचत होता.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये पैलवान समोर येऊन बसला. काकांनी विषय काढला तसा तो म्हणाला, "तुझी ती जुनी गाडी सध्या माझ्याकडेच आहे, ब्रेकच्या कामाला. मेली आहे रे ती. चढावर धापा टाकते."

"काहीतरी बोलू नकोस," काका म्हणाले. "माझ्या हातून गेली तेव्हा ठणठणीत होती."

"चल मग. चहा नंतर पी."

पैलवान चालवायला बसला आणि काका शेजारी. त्या गाडीत ते पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर बसत होते. बॅटरी पूर्ण भरलेली. पैलवानानं आपल्या पद्धतीनं, म्हणजे जगाच्या पद्धतीनं, गाडी हाणली. थोड्याच फेऱ्यांत काटा भराभरा खाली आला. चढावर तर गाडीनं अंगच टाकलं. मग पैलवान उतरून शेजारच्या सीटकडे आला आणि म्हणाला, "आता तू घे."

काकांनी बूट काढले. त्याच चढावर गाडी कुरकुर न करता वर गेली. पैलवान खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बघ. तुझ्याशी गोड बोलते ती. आमच्याशी खरं बोलते."

काका वर जाऊन थांबले. त्यांनी पायाकडे बघितलं. पहिल्या महिन्यात हाच चढ चढताना पॅडल किती खाली जायचं, ते त्यांना आठवलं. आता ते जेमतेम हललं होतं. वर्षभर गाडी म्हातारी होत गेली आणि वर्षभर ते तिला हाताला धरून चालवत राहिले. रेघ सरळ राहिली ती बॅटरीमुळे नाही. हे कळलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा स्वतःचीच लाज वाटली. आणि लगेच दुसरा विचार आला, की हे शास्त्रज्ञाला सांगायला हवं. बिचाऱ्याचं संशोधन चुकलं. आपल्यामुळे चुकलं. बूट हातात घेऊनच ते त्याच्या मोठ्या खोलीकडे निघाले. भाबडेपणा म्हणायचा तो हाच.

शास्त्रज्ञानं सगळं ऐकून घेतलं. मग उठला आणि आधी दार लावलं. दार लागलं तसे काका खुर्चीवर न बसता उभेच राहिले.

"तुला माहीत होतं?"

"दाजी, बसा तरी."

"माहीत होतं का?"

"पॅडलखाली सेन्सर असतो. तुम्ही किती दाबता, कधी सोडता, सगळं माझ्याकडे येतं. पहिल्या उन्हाळ्यातच दिसायला लागलं. बॅटरी उतरत होती आणि तुमचा पाय तिच्यामागून उतरत होता."

"मग मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुम्ही पाय बदलला असता."

"बदललाच असता! त्यासाठीच ठेवलं होतंस ना मला?"

शास्त्रज्ञानं नजर खिडकीकडे वळवली. आपल्याला त्यासाठी ठेवलं नव्हतं, हे त्यातून काकांना कळलं. शाळेच्या वहीतलं एकही अक्षर ज्या गाडीत हललं नाही, ती गाडी त्याच्या लक्षात होती. पाय त्याला आधीच माहीत होता. तो पाय शोधायला त्याला कुठे जावं लागलं नाही, घरातच होता.

"रेघ खाली गेली असती तर सगळं कामच बंद पडलं असतं," तो हळू आवाजात म्हणाला. "माझ्या हाताखाली माणसं आहेत. आणि यात खोटं काय आहे, दाजी? गाडी तेवढी गेली की नाही? तुम्हीच नेलीत."

"पैलवानाला नाही नेता आली."

"त्याचे आकडे धरले नाहीत. बेशिस्त चालवतो असं ठरलं."

"आणि पोरगी? ती पण बेशिस्त?"

शास्त्रज्ञानं टेबलावरचा पेन उगाच सरळ केला. "मी तिला घे म्हटलं नव्हतं. बाबांना विचार, एवढंच म्हटलं."

केसानं गळा कापणं हे शब्द काकांनी आयुष्यभर ऐकले होते, पण गळ्याला कधी काही जाणवलं नव्हतं. आता जाणवलं. ज्याला एक ट्रे जास्त म्हणून घरात घेतलं, त्यानं स्वतःच्या तोंडानं खोटं बोलायचंही कष्ट घेतले नव्हते. त्यासाठीही दाजींचंच तोंड वापरलं होतं. लेकीला फसवलं ते मामानं नाही, बापाच्या शब्दानं. काकांना ओरडायचं होतं.

"तो तक्ता काढ," एवढंच ते म्हणाले.

"आता तो माझ्या हातात नाही, दाजी. छापून सगळीकडे गेला."

काकांनी बूट घातले, गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि घरी आले. बायकोला म्हणाले, तब्येत बरी नाही. तिनं कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाली, ताप तर नाही.

रविवारी शास्त्रज्ञ नेहमीसारखा जेवायला आला. येणार नाही असं काकांना वाटलं होतं. तो आला, चपला जागेवर काढल्या, "ताई, वास छान येतोय" म्हणाला आणि आपल्या ठरलेल्या पाटावर बसला. लेकही होती, जेवून तिला फेरीला जायचं होतं. तिनंच विषय काढला. "मामा, माझ्या गाडीचं काय करू? टेकडीवर पोचत नाही ती."

शास्त्रज्ञानं काकांकडे बघितलंही नाही. म्हणाला, "अगं, बॅटरी चालवणाऱ्यावर असते. बाबांच्या हाताखाली तीच गाडी किती गेली, बघ. त्यांच्यासारखं चालवत जा."

तेव्हा काकांनी दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. पाय, पॅडल, पैलवान, दार लावणं, सगळं. ओरडले नाहीत. एकामागून एक सांगत गेले, आणि शेवटी लेकीकडे वळून म्हणाले, "मी शब्द दिला तो खोटा होता. मला माहीत नव्हतं. याला माहीत होतं."

शास्त्रज्ञ ताटाकडे बघत होता. बायकोच्या हातात भाताचं भांडं होतं. ती नवऱ्याकडे बघत राहिली, मग भावाकडे बघितलं, आणि म्हणाली, "मला नाही पटत. हा असं करणारच नाही. तुमचाच काहीतरी गैरसमज झाला असेल. नाहीतरी तुमचं आणि कुणाचं पटतं?" आणि तिनं भावाच्या ताटात आणखी भात वाढला.

त्यानं तो खाल्ला. काका बघत होते. एकेक घास नीट चावून त्यानं तो सगळा संपवला.

लेक मध्येच उठली. हात धुऊन तिनं औषधांची पिशवी उचलली. काका तिच्यामागून फाटकापर्यंत गेले. गाडीचं दार उघडून ती वळली.

"बाबा, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"नव्हतं गं."

तिनं मान हलवली. विश्वास बसला म्हणून हलवली की विषय संपावा म्हणून, हे काकांना ओळखता आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपला शब्द पुरेसा वाटला नाही.

मग तिनं सीटवर बसून बूट काढले. दोन्ही बूट शेजारच्या सीटवर नीट ठेवले. काचा वर केल्या. पंखा बंद केला. बाहेर ऊन रणरणत होतं आणि तिच्या गणवेशाची कॉलर आत्ताच ओली झाली होती.

"बूट घाल," काका काचेवर टकटक करत म्हणाले. "पंखा लाव. असं नाही चालवायचं."

तिनं काच थोडी खाली केली. "असं चालवलं तरच वरपर्यंत पोचते, बाबा. तुम्हीच शिकवलंत ना." आवाजात राग नव्हता. "वेळ लागतो फक्त. आजींना सांगितलंय, जेवायला थोडं थांबत जा."

गाडी निघाली. फाटकाजवळच्या मातीत खडासुद्धा हलला नाही. वळण लांब होतं तरी तिनं पाय आधीच उचलला होता, हे काकांना मागून बघूनही कळलं. ज्या पायाचं उभ्या आयुष्यात कौतुक झालं, तो आता लेकीच्या अंगात उतरला होता. गाडी वळणाआड गेली तरी ते फाटकाशी उभेच राहिले. आतून बायको भावाला विचारत होती, चहा टाकू का.